ओढ्याकाठी सात सकाळी: गावातल्या मुलांसाठी निसर्ग शिबिर कसं भरवावं

मे महिन्यात मुलं मोकळी असतात, आणि त्याच महिन्यात गावच्या शिवाराची खरी कसोटी लागलेली असते. विहिरी तळाला गेलेल्या, ओढ्याच्या एखाद्याच डोहात पाणी उरलेलं, डोंगराच्या सोंडेवर वणव्याचा काळा पट्टा. त्याच वेळी करवंदाच्या जाळ्या पिकलेल्या, बहावा पिवळाजर्द फुललेला, उंबराच्या खोडाला फळांचे घोस लगडलेले. पाणी कुठे टिकतं, सावली कोण देतं, पाखरं-जनावरं कशावर तगतात, हे सगळं उघड्यावर दिसण्याचा हा काळ. म्हणून गावातल्या मुलांसाठी निसर्ग शिबिर भरवायचं तर ते याच दिवसांत आणि गावाच्याच शिवारात भरवावं.

शिबिरात काय करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. मुलांना एकाच जागेची पक्की ओळख करून द्या, आणि त्यांनी तिथे जे पाहिलं-मोजलं ते गावाच्या कामी येईल असं बघा. वाघाची चित्रफीत, घोषवाक्यांची स्पर्धा, झाडावरची भाषणं आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढ्यावर संपलेलं शिबिर मुलं पावसाळ्यापर्यंत विसरतात. आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खोल होतं हे स्वतः दोरी सोडून मोजलेलं मूल ते सहसा विसरत नाही.

हा आराखडा लिहिताना सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं, मावळ, मुळशी, भोर, जुन्नर, अकोले या भागातलं गाव डोळ्यांसमोर आहे. कोकण आणि विदर्भासाठी काय बदलायचं, ते जिथल्या तिथे सांगितलं आहे. इयत्ता चौथी ते आठवीची २४ ते ३० मुलं, सात सकाळी, रोज साडेसहा ते साडेदहा, असा हिशोब धरा. मुक्कामी शिबिराच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका.

तारीख आणि जागा

महाराष्ट्रात १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होतात. शिबिराचा विषय १ मेच्या ग्रामसभेत मांडून घ्या. गावासमोर एकदा बोललं गेलं की शाळेची किल्ली, पाण्याची टाकी, एखाद्याची आंब्याखालची जागा या गोष्टी आपोआप मिळू लागतात. शिबिर १६ मे ते २२ मे असं धरलं तर समारोप २२ मेला, जागतिक जैवविविधता दिनी येतो. त्याहून उशीर करू नका. वळीव सुरू झाला की मातीवरची कामं चिखलात जातात.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तिथे सहालाच सुरुवात करून उघड्यावरचं काम नऊला बंद करा, नाहीतर शिबिर एप्रिलच्या सुट्टीच्या दिवसांत घ्या. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्लं दाखवायची असतील तर मे उशिराचा ठरतो, कारण पिल्लं बाहेर पडण्याचा मुख्य हंगाम त्याआधीचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. गावानं आपल्याकडची एक गोष्ट ओळखावी आणि ती मनापासून सांभाळावी, याचं ते नमुनेदार उदाहरण आहे.

जागा एकच निवडा: ओढ्याचा अर्धा किलोमीटरचा पट्टा, पाझर तलावाचा काठ किंवा देवराई. शाळेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर असावी, दाट सावली असावी, आणि रोज तिथेच जायचं. नव्या नव्या जागा दाखवण्याचा मोह आवरा. पहिल्या दिवशी मुलांना ‘नुसती झाडं’ दिसतात. चौथ्या दिवशी तीच मुलं कालचं घरटं आज रिकामं का, असं विचारतात. हा बदल रोज त्याच जागी गेल्याशिवाय होत नाही.

निवडलेली जागा आधी दोन-तीनदा, सकाळच्या त्याच वेळी, पायी फिरून या. बिनकठड्याची विहीर, खाणीचा खड्डा, खोल डोह, विजेची लोंबती तार, आणि मोठ्या झाडावर किंवा कड्याला लागलेलं आग्या मोहोळ, यांतलं काहीही वाटेवर असेल तर वाट बदला. मोहोळाच्या बाबतीत तडजोड नकोच.

देवराई निवडली असेल तर पुजाऱ्याला आणि मानकऱ्यांना आधी भेटा. चप्पल कुठे काढायची, कुठवर जायचं, काय उचलायचं नाही, हे नियम त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकू द्या. महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात केला, तेव्हा या छोट्या छोट्या राया आजूबाजूला न उरलेल्या झाडा-वेलींचा आसरा असल्याचं दिसून आलं. राई राखणारे गावकरी हे शतकानुशतकं करत आले आहेत, हे मुलांना कळायला हवं.

शिकवणार कोण

बाहेरून तज्ज्ञ आणायची घाई करू नका. गुरं राखणाऱ्या माणसाला कोणत्या महिन्यात कुठल्या झऱ्याला पाणी असतं ते माहीत असतं. रानभाज्या आणणाऱ्या आजीला शंभर झाडं पानावरून ओळखता येतात. ठाकर, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांतल्या माणसांकडे कंद, मासे, मध आणि प्राण्यांच्या माग-ठशांचं ज्ञान असतं, आणि एरवी शाळेच्या ओट्यावर त्यांना कोणी बसवत नाही. त्यांना शिक्षक म्हणून बोलवा, खुर्ची द्या, आणि बुडालेल्या मजुरीहून कमी नाही एवढं मानधन द्या. आदल्या दिवशी त्यांच्यासोबत तासभर फिरून या आणि त्यांना कशावर बोलायला आवडतं ते बघून ठेवा. भाषण करायला सांगितलं की हीच माणसं गप्प होतात. चालता चालता विचारलं की थांबत नाहीत.

सहा मुलांचा एक गट, आणि त्यामागे गटप्रमुख म्हणून एक ताई किंवा दादा हवा. कॉलेजला जाणारी गावची पोरं-पोरी या कामाला उत्तम. त्यांना शिबिराआधी दोन दिवस प्रत्येक प्रयोग स्वतः करायला लावा. गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, रोज तासभर हजर राहिल्या तर उत्तमच. न्याहारीचं काम महिला बचत गटाला द्या.

कागदपत्रं आणि पैसा

ग्रामपंचायतीचं पत्र, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, आणि जागा वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. अभयारण्यात शिरायचं तर त्याचे नियम वेगळे असतात. त्या गुंत्यात न पडता अभयारण्याच्या बाहेरची जागा निवडलेली बरी. वनरक्षकाला एका सकाळी मुलांशी बोलायला बोलवा, आणि वन्यप्राण्यांच्या तक्रारीसाठी असलेला वनखात्याचा १९२६ हा क्रमांक मुलांना त्याच्याकडूनच कळू द्या. पालकांच्या संमतीपत्रावर मुलाची ॲलर्जी, दमा, फिट येण्याचा त्रास, चालू औषधं आणि दोन फोन नंबर लिहून घ्या.

खर्च फार येत नाही. न्याहारी, मानधन, वह्या, दोऱ्या, फिती आणि औषधाची पेटी, एवढाच. घरटी थोडी वर्गणी ठेवा आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेऊ नका, पण कुणी दिली नाही हे मुलांना कळता कामा नये. फ्लेक्स छापू नका. शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला फलक पुरतो, आणि दुसरीकडे कचरा मोजायला शिकवणाऱ्यांच्या दारात फ्लेक्स शोभत नाही.

सामान असं लागेल: प्रत्येकी जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल, प्रत्येक गटाला शिंप्याकडची मोजफीत, भिंग आणि सुतळी, सगळ्यांत मिळून दोन दुर्बिणी, ३० मीटरची फीत, तळ काढलेले तीन पत्र्याचे डबे, एक स्प्रिंगचा वजनकाटा, दोन किलो प्लास्टर ऑफ पॅरिस आणि सहा-सहा फुटांचे बांबू.

जीव सांभाळणं

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा भाग नीट वाचा.

ऊन: मुलामागे दीड लिटर पाणी धरा, म्हणजे ३० मुलांना रोज ४५ लिटर. प्रत्येकाला टोपी किंवा डोक्याला ओला रुमाल. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण गटप्रमुखांना तोंडपाठ हवं. ताक आणि कोकम सरबत रोज असू द्या. एखादं मूल बरळू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर सावलीत नेऊन ओल्या कपड्यानं अंग पुसत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा. वाट बघायची नाही.

साप आणि विंचू: पायात बूट हवेतच. नसतील त्यांना गावातून गोळा करून द्या. दगड उलटा करायचा झाला तर काठीनं, आणि तोही गटप्रमुखानं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार विषारी सापांची चित्रं पहिल्याच दिवशी दाखवा, पण मुलांनी साप ओळखायचा नसून त्याच्यापासून लांब व्हायचं आहे हे स्पष्ट सांगा. दंश झालाच तर मुलाला बसवून धीर द्या, चावा बसलेला हात-पाय हलू देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, आणि १०८ला फोन करा. प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात आहे, हे शिबिराआधी स्वतः जाऊन विचारून या. कोकणात लाल विंचवाचा धोका मोठा. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधानं जीव वाचतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्यामुळे विंचवालाही मंत्र-तोडगा नको, दवाखानाच.

मोहोळ उठलं तर तोंड-डोकं कपड्यानं झाकून सरळ लांब पळायचं आणि बंद खोलीत शिरायचं. हात झटकायचे नाहीत. याची एकदा तालीम घ्या.

जुन्नर, अकोले, संगमनेर भागात बिबट्या उसातच मुक्कामाला असतो. तिथे पूर्ण उजाडल्याशिवाय मुलांना घराबाहेर काढू नका, आणि उसाकडेची वाट टाळून घोळक्यानंच ये-जा करा.

आणखी एक. एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल असं कधीच कुठे जायचं नाही, नेहमी दोन मोठी माणसं हवीत. मुलींसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह आधी तपासा. मुलांचे फोटो नावासकट व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवू नका.

पहिली सकाळ: नकाशा आणि कान

ओळखी, नियम वगैरे अर्ध्या तासात उरका. मग प्रत्येक गटानं शाळेपासून ओढ्यापर्यंतचा नकाशा पावलं मोजत काढायचा. दहा मीटर अंतरात आपली किती पावलं बसतात ते आधी फितीवर मोजून घ्यायचं. नकाशात झाडं, विहिरी, बांध, उकिरडा, पाणवठा, वारुळं सगळं यायला हवं. हाच नकाशा सातही दिवस भरत जायचा आहे, म्हणून कागद मोठा घ्या.

ओढ्यावर पोचल्यावर प्रत्येक मुलानं गटप्रमुखाच्या नजरेच्या टप्प्यात आपली एक जागा निवडायची आणि तिथे दहा मिनिटं न बोलता बसायचं. वहीच्या मधोमध फुली, म्हणजे आपण. आवाज ज्या दिशेनं आला त्या बाजूला खूण. पहिल्या दिवशी हसण्या-खिदळण्यात पाच मिनिटं जातील, जाऊ द्या. रोज याच जागी बसायचं. मे महिन्यात तांबटाचं ठोकणं, दयाळाची शीळ, कोकिळेची ओरड आणि पावशाची हाक इतक्या जवळून येते की आवाजावरून पाखरू ओळखायला मुलं तीन दिवसांत शिकतात.

दुसरी सकाळ: एक झाड

गटाला एक झाड वाटून द्या: उंबर, ऐन, करंज, जांभूळ, आंबा. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा. वनखातं याच उंचीवर मोजतं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मापाशी तुलना करता येते. साल हातानं चाचपायची, पानाचा ठसा वहीत घ्यायचा, झाडावर कोण येतं-जातं ते अर्धा तास टिपायचं.

उंबरापाशी मात्र सगळ्यांना एकत्र बसवा आणि वेळ काढा. निरनिराळ्या आकाराची हिरवी फळं तोडून गटप्रमुखानं ती धारदार चाकूनं उभी चिरायची आणि भिंगाखाली धरायची. आत शेकडो बारीक फुलं दिसतात, आणि नशीब असेल तर मुंगीहूनही लहान गांधीलमाश्या. मादी फळाच्या तोंडाच्या बारीक भोकातून पंख तुटेपर्यंत घुसून आत शिरते, परागकण पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात. पंख नसलेले नर माद्यांशी जुगून बाहेर पडायची वाट कोरतात, आणि परागकण घेतलेल्या माद्या त्या वाटेनं दुसरं उंबर शोधायला निघतात. उंबराचं आणि या माशीचं एकमेकांवाचून भागत नाही. आता मुलांना विचारा: गावातली सगळी उंबरं एकाच वेळी का पिकत नाहीत? थोडा वेळ द्या, कुणीतरी बरोबर उत्तर देतं. सगळी एकाच वेळी पिकली, तर बाहेर पडलेल्या माशीला जायला झाडच उरणार नाही. आणि म्हणूनच एरवी खायला काही नसतं तेव्हाही हरियाल, बुलबुल, वटवाघळं, उदमांजरं यांना कुठल्या ना कुठल्या उंबरावर फळ मिळतं. रस्ता रुंद करताना ओढ्याकाठचं एक उंबर गेलं तर नेमकं काय जातं, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी आणि चौथी सकाळ: पाणी

पाण्याला दोन दिवस द्या. आमच्या भागात निसर्ग राखण्याची सगळी चर्चा शेवटी पाण्यापाशीच येते, आणि गावाला मुलांच्या नोंदींचा सर्वांत जास्त उपयोग इथेच होतो.

आधी विहिरी. पक्का कठडा असलेल्या चार-पाच विहिरी निवडा. कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि मालकाला सांगून ठेवा की ती पुसायची नाही. दोरीला वजन बांधून ती मोठ्या माणसानं सोडायची. वजन पाण्याला टेकल्याचं जाणवलं की खुणेपाशी दोरी चिमटीत धरायची आणि वर ओढून फितीवर मोजायची. वाचन मुलांनी करायचं. तारीख, वेळ आणि त्या दिवशी मोटर चालली होती का, हे लिहायचं, कारण उपसा चालू असताना पातळी खरी मिळत नाही.

मग माती पाणी किती पिते ते. तळ काढलेल्या डब्याच्या कडा आधी ठोकून बोथट करा. एक डबा झाडाखालच्या पाचोळ्यात, दुसरा नांगरलेल्या शेतात, तिसरा गुरा-गाड्यांच्या वाटेवर, बोटभर खोल रुतवा. प्रत्येकात एक लिटर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघा. कोरडी माती पहिलं पाणी घटाघटा पिते, म्हणून लगेच दुसरा लिटर ओतून त्याचीही वेळ घ्या. खरी तुलना या दुसऱ्या वेळेची. वाटेवरच्या डब्यापाशी मुलं कंटाळून बसतात. त्या कंटाळ्यातच विचारा की पावसाळ्यात इथलं पाणी जातं कुठे.

तिसरा प्रयोग उताराचा. सहा फुटांचे दोन सारखे बांबू वरच्या टोकाला बांधायचे, खाली पाय फाकवायचे आणि मध्ये आडवी काठी बांधायची. वरच्या गाठीतून दोरीला दगड लटकवायचा, तो आडव्या काठीच्या खालीपर्यंत यावा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी खूण. दोरी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या उंचीवर असतात. एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत, दोरी मधोमध आणत पुढे सरका आणि प्रत्येक पावलाला चुन्याची टिकली टाका. टेकडीवर वळत जाणारी जी रेघ उमटते ती समतल रेषा. मृदसंधारणाचे सलग समतल चर याच रेषेवर खोदतात. रेघ सरळ जाईल अशी मुलांची पैज असते, आणि ती वळलेली बघून उतार डोळ्यांत बसतो. खोदायचं मात्र काही नाही. कुणाच्या जमिनीत चर पाडणं हा ग्रामसभेचा आणि मालकाचा विषय आहे.

शेवटी शाळेच्या छपराचा हिशोब. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर १० बाय ८ मीटर असेल, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत २,००० लिटर. मुलांनी हे गणित स्वतः मांडल्यावर त्यांना हिवरे बाजारबद्दल सांगा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. ज्या ताळेबंदावर मोठी माणसं वाद घालतात, त्याचा पहिला आकडा आपणही काढू शकतो, ही जाणीव बारा वर्षांच्या मुलासाठी मोठी असते.

पाचवी सकाळ: ठसे आणि पाखरं

आदल्या संध्याकाळी दोन मोठ्या माणसांनी पाणवठ्याच्या काठाशी एक मीटर लांब-रुंद जागेवर चाळलेली माती पसरून, फळीनं सपाट करून ठेवायची. खायला काहीही ठेवायचं नाही. सकाळी मुलं येतात तेव्हा त्या पाटीवर रात्रीची वर्दळ उमटलेली असते: मुंगूस, ससा, रानमांजर, कोल्हा, मोर, आणि गावची कुत्री तर हमखास. कुत्रा-कोल्ह्याच्या ठशात नखं दिसतात, मांजर कुळातल्या ठशात सहसा दिसत नाहीत. चांगल्या ठशाभोवती पुठ्ठ्याचं कडं लावून दोन भाग प्लास्टर आणि एक भाग पाणी कालवून ओता. अर्ध्या तासानं उचला.

पाखरांची मोजणी एका जागी उभं राहून दहा मिनिटांची. गावातलं नाव आधी लिहायचं, पुस्तकातलं नंतर. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तेव्हा माळावरून चालताना डोळे खाली हवेत. कोणत्याही घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. अंडी, घरटी, पिल्लं उचलणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचाही विषय आहे.

सहावी सकाळ: कचरा, मग बिया

ओढ्याच्या १०० मीटर पट्ट्यातला कचरा हातमोजे घालून गोळा करायचा. काच, सुया, औषधाच्या बाटल्या मोठ्यांनी उचलायच्या. मग ताडपत्रीवर वर्गवारी आणि वजन. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, लग्नातली द्रोण-पत्रावळ, खताच्या गोण्या वेगवेगळ्या. वजनापेक्षा नग मोजलेले जास्त बोलके असतात. महाराष्ट्रात एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर मार्च २०१८पासून बंदी आहे, त्यातल्या किती सापडल्या ते वेगळं लिहा. दुकानदाराचं नाव मात्र लिहू नका. मुलांना कुणाच्या दारात भांडायला पाठवणं आपलं काम नव्हे.

कचऱ्याच्या कामाला दीड तास पुरे. न्याहारीनंतर बिया. जांभळाची बी आणि आंब्याची कोय सुकली की मरते, ती खाल्ल्याच्या चार दिवसांत लावा. चिंचोके रात्रभर भिजवा. बहाव्याची बी फार टणक, तिच्यावर उकळतं पाणी ओतून त्यातच रात्रभर राहू द्या (हे काम मोठ्यांचं). करंज तशीच लागते. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू कालवून धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत भरा आणि तळाला भोकं पाडा. जून सुरू होईपर्यंत रोज पाणी कोण घालणार, याची यादी त्याच दिवशी भिंतीवर लावा. यादी नसेल तर रोपवाटिका करू नका.

बियांचे मातीचे गोळे करून डोंगरावर फेकणं हल्ली फार चालतं. मुलांना मजा येते, पण फेकलेल्या बियांतून किती जगल्या हे बघायला कोणी जात नाही. त्यापेक्षा मुलागणिक दोन रोपं आणि त्यांची वर्षभर देखभाल. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नका. आणि तुमचं गाव पुणे-सोलापूरच्या माळरानाच्या पट्ट्यात असेल, तर माळावर झाडं लावायचा विचार सोडा. लांडगा, चिंकारा, तणमोर यांना गवत लागतं. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन हा समज मोडणं हेच तिथल्या शिबिराचं मुख्य काम.

सातवी सकाळ: गावासमोर

पालक आणि पंचायतीचे सदस्य यांना देवळाच्या ओसरीवर बोलवा. नृत्य-नाटिका नको. मुलांनी आपला नकाशा टांगायचा आणि सांगायचं: या पाच विहिरींची पातळी अशी, या मातीत पाणी इतक्या वेळात जिरलं, ओढ्यात हे सापडलं, या झाडांवर हे राहतात. एकेका गटाला सात मिनिटं. बोलायला लाजणाऱ्या मुलाच्या हातात ठशाचं प्लास्टर द्या, ते आपोआप बोलतं.

२००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. अनेक ठिकाणी ती कपाटात असते. शिबिराच्या निमित्तानं ती बाहेर काढायला सांगा आणि मुलांच्या नोंदी समितीकडे लेखी द्या, पोच घ्या. औषधी वनस्पती किंवा दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा मात्र फलकावर किंवा फोनवर जाहीर करू नका. ती माहिती समितीपुरतीच राहू द्या, आणि ज्या आजी-आजोबांनी ती सांगितली त्यांना विचारूनच द्या.

जून ते ऑक्टोबर

शाळा सुरू झाल्यावर सरळ बाजूंच्या बाटलीचं पर्जन्यमापक करा. वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाचा वाकडा भाग भरेल एवढं पाणी आधी घालून तिथे शून्य. दोन मुलं रोज सकाळी वाचन घेतील. रोपं जुलैत, पाऊस लागून राहिल्यावर लावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांना पाच मिनिटं मागून घ्या आणि तोवरचा पाऊस वाचून दाखवू द्या. ऑक्टोबरमध्ये त्याच खुणांवरून त्याच विहिरी पुन्हा मोजा. मेचा आकडा आणि ऑक्टोबरचा आकडा शेजारी शेजारी लिहिला की गावाच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं मोजमाप येतं. नोंदींची मूळ वही शाळेत, छायाप्रत पंचायतीत आणि एक प्रत आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे ठेवा. पुढच्या मे महिन्यात हीच मुलं गटप्रमुख होतील, तेव्हा दोरी सोडायची जागा त्यांना दाखवावी लागणार नाही.